काळा रंग संपला म्हणून

काळा खडू संपला म्हणून तोंकाने सरड्याचं उरलेलं अंग हिरवं रंगवलं. बालवाडीतून आणलेला तो कागद तिने येर्काच्या हातात दिला, तेव्हा शेगडीवर दूध वर येत होतं. येर्काने दूध पाहिलं नाही, कागद पाहिला. डोकं, मान आणि पुढचे दोन पाय काळेकुट्ट, इतके दाबून रंगवलेले की कागदाच्या पाठीवर मेणाची चकाकी उमटली होती. आणि कमरेपासून शेपटीच्या टोकापर्यंत हिरवागार. चित्राखाली ठसठशीत अक्षरं होती : नेव्हेनाचा काळा सरडा, आपल्या समुद्राचा ठेवा. "काळा संपला ना, मग मी म्हटलं, हिरवा तर हिरवा," तोंका म्हणाली. "हिरव्याने काळ्याला खाल्लं असं समज." दूध उतू जाऊन करपल्याचा वास सुटला. पोरगी नाक दाबून हसायला लागली. येर्काने शेगडी बंद केली, फडकं घेतलं, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय. पण ते हसू ओठांचं नव्हतं, कुठून तरी खालून येत होतं, विहिरीत दगड टाकल्यावर उशिरा येणाऱ्या आवाजासारखं. हिरव्याने काळ्याला खाल्लं असं समज. इतकी वर्षं तिला हे सुचलं कसं नव्हतं?

नेव्हेनाचं ते नाव तिने घराबाहेर ठेवलं होतं. स्प्लिट शहरात ते जागोजागी भेटायचं. बंदरावरच्या फलकावर, एका वाइनच्या बाटलीवर, पर्यटकांच्या टोप्यांवर. ती मान वळवायची आणि पुढे जायची. रंगांच्या दुकानात ती दिवसभर डब्यांत रंग कालवत उभी असे, आणि एखादं गिऱ्हाईक म्हणे, "नुसता काळा द्या हो," तेव्हा तिला आतून काहीतरी टोचे. नुसता काळा असा रंगच नसतो. एका काळ्यात निळा असतो, एकात तांबूस, एकात जुन्या तेलाचा. आणि एका काळ्यात हे सगळे असतात. तो काळा जगात एकाच खडकावर चालत होता आणि सगळ्यांत आधी तो तिने पाहिला होता. आता तेच नाव तिच्या लेकीच्या मुठीतून, तिच्याच शेगडीपर्यंत आलं होतं. तिने तो कागद फ्रीजवर लावला. "सुंदर काढलंयस, राणी," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

तोंकाच्या केसांतला गुंता सोडवताना तिच्या हाताला घाई नव्हती. कंगवा मुळापासून न ओढता आधी टोकं मोकळी करायची, मग वर जायचं; पोर डुलक्या घ्यायला लागायची. येर्काला वाटलं, द्वेषही असाच सोडवावा लागतो. इतकी वर्षं तो तिच्या आत एक गोळा होऊन पडला होता. आज कुठे त्याचं टोक हाती लागलं. ती शिकत होती तेव्हा लोव्रे सर विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत. उंच, उन्हाने रापलेले, बोलताना समोरच्याच्या कॉलरवरची धूळ झटकणारे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना विस बेटाच्याही पलीकडे, ग्लुहाच नावाच्या खडकावर नेलं होतं. पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही. सगळे पिशव्या वाहत होते. येर्काही वाहत होती, आणि मधेच थांबली, कारण दगडावरची सावली सरकली होती आणि ऊन सरकलं नव्हतं. "सर, तिथे सरडा आहे. काळा." सरांनी दुर्बीण लावली. "जळकी काटकी आहे ती. तुझ्या डोळ्यांत मीठ गेलंय, पोरी." बाकीचे हसले. तिने जंगली ओटच्या गवताची एक लांब काडी तोडली, टोकाचे दाणे सोलून काढले, त्या लवचीक टोकाचा फास केला आणि फासावर थुंकीचा पातळ पडदा धरला, साबणाच्या फुग्यासारखा. स्प्लिटच्या गल्लीतलं प्रत्येक पोर हे करतं. पडदा उन्हात थरथरतो, चमकतो, आणि सरडा तो काय प्रकार आहे हे बघायला आपणहून मान पुढे करतो. ती जळकी काटकी उठली, दोन पावलं चालली, आणि फासात आली. पोटसुद्धा काळं. सरांनी तो तळहातावर घेतला आणि लहान मुलासारखे ओरडले. मग तिचे दोन्ही हात हातात धरून म्हणाले, "याला तुझं नाव द्यायचं. छापून येईल. जग बुडेपर्यंत राहील, येर्का." परतताना बोटीवर ती वाऱ्याच्या आवाजात लपवून आपलंच नाव पुटपुटत राहिली. आपलं नाव इतकं छान आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

छापून आलं तेव्हा नाव होतं नेव्हेनाचं, सरांच्या बायकोचं. सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ : सामान वाहण्यास मदत केल्याबद्दल विद्यार्थ्यांचे आभार. ती त्यांच्या खोलीत गेली. ते खारवलेल्या माशाचे तुकडे पावावर ठेवून खात होते. "अगं, नेव्हेनाने माझ्यापायी नोकरी सोडली, गाव सोडलं. तिच्या वाट्याला एक सरडासुद्धा येऊ नये का? तुझं सगळं आयुष्य पुढे पडलंय. तुला दुसरा सापडेल." त्यांच्या हनुवटीवर तेलाचा थेंब होता. तो ओघळेल असं वाटत होतं आणि ओघळत नव्हता. ती त्या थेंबाकडे बघत म्हणाली, "हो, सर." एवढंच म्हणाली. परीक्षेला ती बसली नाही, पुढे लग्न झालं, नवरा जहाजावर लागला, तोंका झाली. तेलाचा थेंब मात्र अजून तिथेच होता. आणि त्या 'हो, सर'चं काय करायचं ते तिला कधी कळलं नाही. माशाचा काटा घशात अडकावा तसं ते अडकलं होतं, गिळताही येईना आणि बाहेरही काढता येईना.

इमारतीमागे कचऱ्याच्या पिंपांची भिंत होती. भर दुपारी ती तिथे गेली तेव्हा चौथ्या मजल्यावरून शेजारीण दोमिना ओरडली, "येर्का, या वयात सरडे धरतेस? नवरा परत येईना म्हणून का गं?" "नवऱ्यापेक्षा लवकर हाती लागतात!" ती खालून म्हणाली. दोमिना खिडकीवर हात आपटत हसली. भिंतीवरचे सरडे हिरवे होते, पाठीवर तपकिरी जाळी, रुंद डोकं. समुद्रापलीकडून, इटलीतून, कुठल्या बोटीत बसून यांचे पूर्वज आले कुणास ठाऊक. हे पळत नाहीत, वळून बघतात. एखाद्या लहान बेटावर यांची एक भरल्या पोटाची मादी पोचली की तिथले मूळचे सरडे हळूहळू खडकांच्या टोकाला ढकलले जातात, मग टोकही राहत नाही. त्यांना कुणी मारत नाही. त्यांची उन्हाची जागा जाते, मग किडे जातात, मग पिल्लं. सरांनीच शिकवलं होतं ते. येर्काने मादी निवडायला वेळ घेतला. कुशीला अंड्यांचे उंचवटे दिसत होते, कापडाखाली ठेवलेल्या शेंगदाण्यांसारखे. फास बसला. मादी तिच्या अंगठ्याला चावली आणि सोडेना. येर्काने तिला चावू दिलं. तोंकाचा एक लोकरीचा मोजा होता, जोडीदार हरवलेला. त्यात तिला सोडून तोंड रिबिनीने बांधलं. मोजा हातात हलत होता, तान्ह्या तोंकाचा पाय त्यात असताना हलायचा तसा. तिला क्षणभर काहीतरी वाटलं. ते तिने बाजूला ठेवलं.

शनिवारी तोंकाला सासूबाईंकडे सोडून ती सकाळच्या बोटीने विसला निघाली. जुगो सुटला होता, दक्षिणेचा तो दमट वारा, ज्याच्यात मीठ ओलं होतं, सांधे दुखतात आणि माणसं विनाकारण एकमेकांना खायला उठतात. जुगोमध्ये काही ठरवू नये असं इथे सगळेच म्हणतात. येर्काने ठरवलेलं होतं. कोटाच्या आतल्या खिशात मोजा होता, पोटाशी. कधी तो निपचित पडे, कधी आतून नखांची कुरतुड होई. तोंका पोटात असताना अशीच हले, रात्री, सगळे झोपल्यावर. किती वर्षं लागतील? दहा? वीस? सर तोवर असतील का? असायला हवेत, निदान पहिला हिरवा बघण्यापुरते. मग लोक फलक काढतील. नाव कोऱ्या खडकावर थोडाच राहतं? ज्या अंगावर ते लिहिलं ते अंगच नाहीसं झालं की नावाचं काय होतं? ती या विचारात इतकी गुंगली की समोरच्या बाईने तिला विचारलं, "पोट दुखतंय का, बाळ? बरी आहेस ना?" "मजेत," येर्का म्हणाली, आणि खरंच ती कित्येक वर्षांत इतकी मजेत नव्हती.

विस बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कोमिझाच्या धक्क्यावर, बार्बा प्रोश्पे आपल्या होडीत बसून जाळं सांधत होता. इथे समुद्रावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला बार्बाच म्हणतात. "ग्लुहाचला? आज?" त्याने आभाळाकडे बघून तोंड वाकडं केलं. "एक वेडा सकाळीच सोडून आलोय. आता दुसरी. जुगो आला की तुम्हां शिकलेल्यांच्या डोक्यात किडे वळवळतात."

"कोण वेडा?"

"प्राध्यापक लोव्रे. दुसरं कोण तिथे मरायला जातंय? दर शनिवारी पाण्याचा कॅन घेऊन जातो, ऑलिव्हला पाणी घालायला. नात झाली ना, तर तिच्या नावाने झाड लावलं. बरं लावायचं तर आपल्या अंगणात लाव की! नाही. म्हणे, आजीच्या खडकावर नातीचं झाड. खडकावर माती कुठे? मग स्प्लिटच्या रोपवाटिकेतून मातीची पोती मागवली, आणि वाहिली कुणी? या प्रोश्पेने. माझी कंबर अजून त्या पोरीच्या नावाने रडते." त्याने तिच्या कोटाकडे बघितलं. "खिशात काय गं? हलतंय."

"मोजा."

"मोजा हलतो?"

"थंडी वाजतेय त्याला."

"चल, बस," बार्बा म्हणाला. "दोघे वेडे तिथे एकमेकांना ओळखाल तरी."

सर तिथे असतील हे तिने धरलं नव्हतं. होडी हेलकावत होती आणि ती विचार करत होती, बरंच झालं. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर रिबीन सोडायची. तोंडावर 'हो, सर' म्हणायचं आणि खिशातून उत्तर द्यायचं. खडकावर पाय ठेवला तेव्हा तिला पूर्वीचा वास आला, मीठ, पक्ष्यांची शीट आणि तापलेला दगड, आणि तिचं वय एका पावलात गळून पडलं. ओटचं गवत गुडघ्याइतकं वाढलेलं, पिवळं. बार्बा जाळी बघायला पुढे गेला. मधल्या खळग्यात दगडांचा गोल बांध घातलेला होता, त्याच्या आत छातीइतकं उंच ऑलिव्हचं झाड, आणि झाडाजवळ घडीच्या स्टुलावर एक म्हातारा. त्याने मान तिच्याकडे वळवली नाही, तिच्या बाजूला वळवली, आणि मग डोळ्याच्या कडेने बघितलं, सरडा बघतो तसं.

"कोण आहे? तोंड न दाखवता उभं राहायची कसली रीत?"

"येर्का."

"कोण येर्का?" मग मान आणखी वळवून, "गवताच्या फासाची येर्का?"

"सामान वाहणारी."

ते हसले, खोकला येईपर्यंत. "अजून तेच घेऊन बसलीस! आणि ही जीभ कधी फुटली गं तुला? तेव्हा तर नुसतं हो सर, हो सर. भांडायला आलीस ना? जुगोत भांडू नये. बस. नेव्हेना गेली, कळलं असेल तुला. नातीचं नाव तिचंच ठेवलं. बघ, माणूस जातं, नाव राहतं." त्यांनी झाडाच्या खोडावरून हात फिरवला. येर्काचा हात खिशात गेला. रिबिनीची गाठ बोटाला लागली. त्या हनुवटीवर आता तेल नव्हतं, पांढरे खुंट होते, नीट न कापलेले. तिला दया आली नाही. उलट वाटलं, म्हातारा होऊन हा निसटायला बघतोय.

"आलीच आहेस तर एक काम कर," ते म्हणाले, आणि आवाज अचानक खाली आला. "माझ्या डोळ्यांना मधलं काही दिसत नाही. कडा दिसतात. तुझ्या तोंडाच्या जागी आत्ता नुसतं भोक आहे. पूर्वी ते काळे सरडे माझ्या बुटावर चढायचे. हल्ली या झाडाजवळ येत नाहीत. सळसळ ऐकू येते, पण ते येत नाहीत. मी कुणाला म्हटलं नाही. सांग मला, आहेत ना ते? तुझ्यासारखे डोळे मला पुन्हा कुणाचे मिळाले नाहीत."

हे तिला तेव्हा हवं होतं. आता ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं आणि कशालाच लागलं नाही. तिने सळसळ आधी ऐकली. काळ्यांची सळसळ शिवणीतून दोरा ओढावा तशी असते, एकदा होते आणि संपते. ही जाडीभरडी होती, कागद चुरगळल्यासारखी, आणि थांबून पुन्हा होणारी. मग तिने पाहिलं. बांधाच्या दगडावर, ऑलिव्हच्या मुळाशी, पाठीवर तपकिरी जाळी, रुंद डोकं. हिरवा. तो पळाला नाही. वळून त्याने तिच्याकडे बघितलं, पिंपांच्या भिंतीवरून बघायचा तसा. त्याच्या खाली आणखी एक, बोटाएवढा, यंदाचा नव्हे, मागच्या वर्षी अंड्यातून निघालेला. रोपवाटिकेची माती. मातीत पांढऱ्या शेंगदाण्यांसारखी अंडी. नातीच्या नावाची पोती पाठीवर घेऊन बार्बाने ती इथे आणली होती, आणि सरांनी त्यांना दर शनिवारी पाणी घातलं होतं.

येर्काला आधी आनंद झाला नाही. राग आला, आंधळा, लहान मुलाला येतो तसा. हेही यानेच आधी केलं. तिचा सूडसुद्धा त्याच्याच नावावर छापून झाला होता आणि ती इतक्या लांबून खिशात सामान घेऊन आली होती. मोजा पोटाशी हलला. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी एक वाक्य येऊन बसलं, तयार, घोटून गुळगुळीत केलेलं : तुमच्या नातीच्या झाडाने तुमच्या बायकोचं नाव खाल्लं, सर. ते तिने जिभेवर फिरवून बघितलं. किती गोड होतं. हे बोललं की हा स्टुलावरून उतरेल, गुडघ्यांवर चाचपडत आपल्याच हातांनी लावलेली माती उकरेल. आणि मग? मग तो फोन करेल. बोटी येतील, पिंजरे येतील, फोटो काढणारे येतील, आंधळा म्हातारा आपला सरडा वाचवतोय म्हणून. शेवटी बारीक अक्षरांत कुणाचे तरी आभार. आणि गप्प राहिलं तर? तर काहीच करायचं नाही. मोजा घेऊन घरी जायचं. आठ-दहा वर्षांत सगळं आपोआप.

"काय गं? दिसतंय का काही?"

तेवढ्यात दगडाच्या पलीकडून सावली सरकली आणि ऊन सरकलं नव्हतं. काळा. तो खळग्याच्या काठावर आला, छातीने दगड दाबला, ऊन प्यायला. त्या काळ्यात निळा होता, तांबूस होता, जुनं तेल होतं. दुकानात ती सगळे डबे ओतून बसली तरी तो तिला साधला नसता. हिरवा बांधावरून उतरला, सरळ, घाई न करता, आपल्या घरात चालल्यासारखा. काळा वळला, पण उशिरा. झटापट झालीच नाही म्हणावं इतकी लहान. काळा कपारीत गेला. दगडावर त्याची शेपटी राहिली, एकटीच तडफडत, वळत, सरळ होत. हिरव्याने ती तोंडात धरली आणि गिळायला लागला. तोंकाचा कागद फ्रीजवर होता. वरचं काळं, खालचं हिरवं. असं समज. येर्काला कळलं की इतके दिवस ती एका नावाला मारायला निघाली होती आणि नाव कुठल्याच अंगावर नव्हतं. त्या काळ्याला नेव्हेना माहीत नव्हती. त्याला येर्काही माहीत नव्हती. पण येर्काला तो माहीत होता, आणि जगात बाकी कुणाला नव्हता, या म्हाताऱ्याला तर आता मुळीच नाही.

तिने ओटची काडी तोडली.

"काळे आहेत, सर," ती म्हणाली. "सगळे काळे. चिकार आहेत."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. "खरं?"

"तुमच्या बुटापाशीच एक आहे." बुटापाशी हिरवा होता, शेवटचा घास गिळत. तिने दाणे सोलले, फास केला, थुंकीचा पडदा धरला. पडद्यात ढग दिसत होते.

"काय तोडतेस?"

"गवत. पोरीला खेळायला."

"पोरगी आहे तुला? नाव काय ठेवलंस?"

"तिचं नाव तिचंच आहे," येर्का म्हणाली. हिरव्याने मान पुढे केली. फास बसला. तो तिच्या बोटाला चावला, पिंपांपाशी मादी चावली होती त्याच जागी, आणि तिने तोंडातून आवाज काढला नाही. मोज्याची रिबीन एका हाताने सोडली, त्याला आत ढकललं, पुन्हा बांधली. छोटा कपारीत पळाला. त्याला पुढच्या वेळी. त्याच्यामागे आणखी किती, देव जाणे. उरतील, सुटतील, पुन्हा अंडी घालतील. जमेल का, तिला माहीत नव्हतं. दर शनिवारी यावं लागेल, सासूबाईंना काय सांगायचं ते ठरवावं लागेल. पण म्हातारा तिच्या तोंडाच्या जागच्या भोकाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

"मला वाटलं होतं तू कधी येणार नाहीस," तो म्हणाला. "मी तेव्हा... जाऊ दे. तू आलीस. मन मोठं आहे तुझं. पुढच्या शनिवारी येशील, येर्का? मला सांगायला, आहेत म्हणून?"

त्याला वाटलं होतं, माफी मिळाली. ती त्याच्या ओल्या कडांकडे बघत राहिली, एके काळी तेलाच्या थेंबाकडे बघितलं होतं तशी. वाटू दे. ही न मिळालेली माफी छातीशी धरून तो मरेल. आपल्या पायाशी काय चाललं होतं, कुणी काय वाचवलं किंवा नाही वाचवलं, यातलं एक अक्षर त्याला कळणार नाही. त्याचा खडक त्याच्या बुडाखालून कुणीतरी घेतला होता आणि तो धन्यवाद म्हणत होता.

"हो, सर," येर्का म्हणाली. या वेळी ते शब्द घशात कुठे अडकले नाहीत.

धक्क्याकडे परतताना बार्बा प्रोश्पेने तिच्या खिशाकडे बोट केलं. "मोजा फुगलाय की गं तुझा."

"त्याचा जोडीदार सापडला, बार्बा."

म्हातारा प्राध्यापक पुढे, होडीच्या नाकाशी पाठ करून बसला होता, रिकामा कॅन मांडीवर घेऊन, आणि जुगोच्या तोंडावर काहीतरी गुणगुणत होता. येर्काने चावलेलं बोट तोंडात घातलं. रक्ताला मिठाची चव होती. पोटाशी दोघे हलत होते.